न टोचता घेतलेला आकडा

लालबागच्या चाळीत राहणारी माझी मावशी सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी चहाच्या आधी, रक्तातली साखर मोजायला बोट टोचते. बोटाच्या टोकाला नव्हे, कडेला. टोकाला टोचले तर दिवसभर भाजी चिरताना ठणकते, हे तिला बारा वर्षांच्या अनुभवाने कळले आहे. कोणत्या वारी कोणते बोट, हेही ठरलेले. आलेला आकडा ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत, दुधाच्या पिशव्यांच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने लिहिते. गणपती घरात असतात त्या दिवसांच्या चौकटी मात्र दरवर्षी कोऱ्या राहतात. मोदक खायचेच आहेत, तर त्याचा पंचनामा कशाला, असे तिचे म्हणणे.

डोळ्यांत घालायची भिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स), नाकावर टेकणारे चष्मे आणि त्यांतून अश्रूंची तपासणी करून न टोचता आरोग्यावर नजर ठेवणारी उपकरणे यांविषयी जे उत्साहाने लिहिले-बोलले जाते, ते वाचताना मला त्या कोऱ्या चौकटी आठवतात. सुई नको, रक्त नको, वेदना नको, हे या उपकरणांचे मुख्य आकर्षण आहे आणि ते खोटे नाही. पण सुईबरोबर आणखी एक गोष्ट जाते, तिची चर्चा होत नाही. बोट टोचायचे की नाही हे दर वेळी माणूस स्वतः ठरवतो. डोळ्यातले उपकरण एकदा बसवले की ते मोजत राहते, आणि मोजू द्यायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. न टोचणे आणि शरीरात न शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून अशा उपकरणांना परवानगी देताना पुराव्याची आणि संमतीची अट सुईपेक्षा सैल नव्हे, काही बाबतींत अधिक कडक असली पाहिजे, असे माझे मत आहे.

आधी अश्रूंकडे पाहू. डोळ्यावर सतत पसरलेले पाणी म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे. त्यात वरती तेलकट पदर, मध्ये पाण्याचा, आणि खाली डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत पदर असतो. त्यात क्षार आहेत, प्रथिने आहेत, साखर आहे, जंतूंना मारणारी विकरे (एन्झाइम) आहेत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये लायसोझाइम या विकराविषयी लिहिले आणि ते अश्रूंत मुबलक असल्याचे दिसल्यावर प्रयोगासाठी पुरेसे अश्रू मिळावेत म्हणून लिंबाचा आधार घेतला. आपल्याकडे कांद्याने भागले असते. गमतीचा भाग सोडला तरी त्यात एक अडचण दडलेली आहे. लिंबाने आलेले पाणी, कांद्याने आलेले पाणी, रडून आलेले पाणी आणि काहीही न होता डोळा ओला ठेवणारे पाणी यांची घडण एकसारखी नसते. एका डोळ्यात एका वेळी साधारण 7 मायक्रोलिटर पाणी असते. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या चार-पाच पट तरी मोठा असतो. इतक्या तुटपुंज्या द्रवात भर पडली की तो क्षणात पातळ होतो, आणि डोळा चोळला गेला तरी त्यातला साखरेचा आकडा बदलतो. लोकलच्या दारात उभे राहून कामावर जाणाऱ्या, पुढच्या नाक्यावर मेट्रोच्या किंवा टॉवरच्या बांधकामाची धूळ खाणाऱ्या आणि मग आठ तास वातानुकूलित कचेरीत पडद्याकडे पाहत पापणी मिटायला विसरणाऱ्या मुंबईकराच्या डोळ्यातले पाणी सकाळी नऊ वाजता आणि दुपारी तीन वाजता सारखेच असेल, असे धरून चालता येत नाही.

साखरेच्या बाबतीत ही अडचण अधिक टोकदार होते. अश्रूंमधली साखर रक्तातल्या साखरेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि रक्तातला चढउतार तेथे पोहोचायला काही मिनिटे लागतात. गूगलने जानेवारी 2014 मध्ये साखर मोजणारे भिंग बनवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हार्टिस ही औषध कंपनी त्यात सामील झाली, तेव्हा जगभरच्या मधुमेहींना बोटे सुटल्यासारखे वाटले होते. नोव्हेंबर 2018 मध्ये गूगलच्या भगिनी कंपनीने, व्हेरिलीने, ते काम थांबवले. अश्रूंमधली साखर आणि रक्तातली साखर यांचा मेळ वैद्यकीय उपकरणाला लागतो तितक्या सातत्याने बसत नाही, असे त्यांनीच सांगितले. पैसा, माणसे आणि यंत्रशाळा यांची वाण नसलेल्या कंपनीने पाच वर्षांच्या आत हात टेकले. याचा अर्थ हे कधीच जमणार नाही असा होत नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी त्याच वर्षी मऊ भिंगात संवेदक (सेन्सर) आणि छोटा दिवा बसवून सशाच्या डोळ्यावर साखर मोजून दाखवली होती. पण सशाच्या डोळ्यापासून माणसाच्या इन्सुलिनच्या मात्रेपर्यंतचे अंतर लांब आहे. बोट टोचून मोजणाऱ्या घरगुती यंत्रालाही आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली अट अशी, की डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या वरच्या पातळीवर शंभरातली किमान 95 मापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत पडली पाहिजेत. न टोचण्याच्या सोयीखातर ही अट खाली आणायची का, हा पहिला सार्वजनिक प्रश्न आहे. माझे उत्तर नकाराचे आहे, कारण त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी इन्सुलिन टोचून घेणार आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने आईसाठी ‘शुगर दाखवणारे’ मनगटी घड्याळ मागवले. त्यावर 104 आले तेव्हा बोटाच्या यंत्रावर 211 होते. दोन दिवस असेच झाल्यावर त्याने ते घड्याळ फळांच्या टोपलीतल्या केळ्याला गुंडाळले. केळ्याची शुगर 98 निघाली. मावशीने हसून ते केळे शेजारच्या मुलाला दिले. खोक्याच्या तळाशी भिंगाने वाचावे लागेल अशा अक्षरांत छापले होते की हे उपकरण वैद्यकीय उपयोगासाठी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम 2017 चे आहेत, आणि 1 एप्रिल 2020 पासून निदानासाठी किंवा आजारावर देखरेखीसाठी असलेली सगळी उपकरणे, त्यांतली आज्ञावली (सॉफ्टवेअर)सुद्धा, कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तरीही ‘हे फक्त निरोगी जीवनशैलीसाठी’ एवढी एक ओळ छापली की विक्रेता त्या कक्षेच्या उंबऱ्यावर उभा राहू शकतो. घड्याळ निदान मनगटावर असते. डोळ्यात घालायच्या वस्तूला ही पळवाट मिळता कामा नये. जाहिरातीत साखर, रक्तदाब किंवा आजार हा शब्द आला की तळाशी काहीही छापलेले असो, ते उपकरण वैद्यकीयच धरावे.

येथे माझ्या विरुद्ध एक वजनदार म्हणणे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांत लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली मुले आहेत, ज्यांची बोटे दिवसाला सहा-सहा, आठ-आठ वेळा टोचली जातात. त्यांच्या आईला माझा संमतीविषयीचा युक्तिवाद ऐकवला तर ती म्हणेल, की तुमची मावशी मोदकासाठी चौकट कोरी ठेवते, माझे लेकरू झोपेत बेशुद्ध पडू नये म्हणून मी रात्री तीनचा गजर लावते. हे म्हणणे मला मान्य आहे, आणि वेदना कमी करणे ही चैन नाही हेही मान्य आहे. पण त्या आईसाठी आज जे उपलब्ध आहे ते म्हणजे दंडाला चिकटवायचे, त्वचेखाली केसाएवढा तंतू ठेवणारे आणि पंधरवडाभर चालणारे संवेदक. त्याची अडचण किमतीची आहे. आणि अश्रूंचे भिंग तिच्या रात्री तीनच्या भीतीवर उत्तर ठरतच नाही, कारण नेहमीची भिंगे झोपताना काढायची असतात. भिंग घालून झोपणे म्हणजे कॉर्नियाच्या, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, जंतुसंसर्गाला आमंत्रण.

त्याहून विचित्र गोष्ट अशी, की ज्यांना साखर मोजण्याची सर्वाधिक गरज, त्यांच्याच डोळ्यांना भिंग सर्वांत कमी मानवते. जुन्या मधुमेहात डोळे कोरडे पडतात, कॉर्नियाची संवेदना मंदावते, जखम भरायला वेळ लागतो. म्हणजे खुपते आहे हे कळायलाही उशीर होतो. त्यात भिंग हाताळण्याची शिस्त. नळाच्या पाण्याने भिंग धुऊ नये, कारण त्या पाण्यात राहणारा अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. चाळीच्या सामाईक नळावर, पाणी यायच्या वेळेच्या धावपळीत ही शिस्त कशी पाळायची, याचा विचार प्रयोगशाळेत बसून होत नाही. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते तेव्हा घराघरांत एका टॉवेलावरून भांडणे झाली. त्या महिन्यात भिंग घालणाऱ्याने काय करायचे होते? म्हणून परदेशी डोळ्यांवर केलेल्या चाचणीवर येथे परवाना देऊ नये. ऑक्सिमीटरचा धडा ताजा आहे: काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये तो प्राणवायूची पातळी खऱ्यापेक्षा अधिक दाखवतो, हे 2020 च्या अखेरीस अमेरिकेतल्या अभ्यासात ठळकपणे पुढे आले, तोपर्यंत ते यंत्र कोविडमुळे घरोघर पोहोचले होते. मुंबईच्या पावसाळ्यात आणि मुंबईच्या डिसेंबरातल्या धुरक्यात, जे.जे. किंवा के.ई.एम.सारख्या सार्वजनिक रुग्णालयांच्या नेत्रविभागांत, मधुमेही आणि वयस्क माणसांवर चाचणी झाल्याशिवाय ‘मुंबईत चालते’ असे कुणी म्हणू नये.

मग अश्रूंची ही विद्या टाकाऊ आहे का? अजिबात नाही, आणि नेमके याच ठिकाणी मला आपल्या अग्रक्रमाची उलटापालट झालेली दिसते. डोळ्याच्या पाण्यातून डोळ्याचेच आजार ओळखणे ही तिची नैसर्गिक जागा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांची आग होत होती, तेव्हा परळच्या एका डॉक्टरांनी टिपकागदाची चिंचोळी पट्टी दुमडून माझ्या खालच्या पापणीत अडकवली. पाच मिनिटे तशीच ठेवायची. मी छताच्या पंख्याकडे पाहत बसलो. पट्टी पापणीच्या कडेला टोचत होती, आणि ओल मुंगीच्या चालीने खाली सरकत होती. शेवटी 6 मिलिमीटर ओले झाले. साधारण 10 च्या खाली आले तर कोरडेपणाचा संशय घेतात. ओट्टो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी 1903 मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही चालते. ती ओबडधोबड आहे, खुपते, आणि खुपल्यामुळे येणारे पाणीही त्याच हिशेबात धरले जाते. अश्रूंचा खारटपणा एका थेंबाच्याही अंशातून मोजणारी यंत्रे आता आली आहेत, ती या पट्टीपेक्षा किती तरी सुखाची. माझ्या लक्षात मात्र पट्टीपेक्षा तिच्यानंतरची दहा मिनिटे राहिली. पंखा डोक्यावर आहे का, रात्री मोबाइल किती वेळ, सांधे दुखतात का, तोंड कोरडे पडते का, असे डॉक्टर विचारत गेले. एकट्या 6 या आकड्याला काही अर्थ नव्हता.

काचबिंदूचे उदाहरण याहून बळकट आहे. डोळ्यातला दाब दिवसभर आणि रात्रभर बदलत राहतो, आणि दवाखान्यात तो सकाळच्या रांगेत एकदाच मोजला जातो. रात्री वाढलेला दाब तसाच निसटतो, डोळ्याची नस सुकत जाते, आणि आपल्या देशात काचबिंदू असलेल्या बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसते. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले ट्रिगरफिश नावाचे भिंग कॉर्नियाच्या वक्रतेतले सूक्ष्म बदल 24 तास नोंदवते. अमेरिकेने त्याला 2016 मध्ये मान्यता दिली. येथे अश्रूंचा संबंध नाही, डोळ्याभोवती अँटेना चिकटवावी लागते, गळ्यात नोंदयंत्र अडकवावे लागते, आणि मिळणारी नोंद दाबाच्या नेहमीच्या एककात नसते. इतके करूनही ते मला पटते, कारण एका दिवसापुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोळ्याच्या एका आजारासाठी ते घालायचे असते आणि दुसऱ्या दिवशी काढून परत द्यायचे असते. महापालिकेने डोळ्याच्या उपकरणांवर पैसा घालायचा असेल तर तो अशा ठिकाणी घालावा. साखरेसाठी पैसा असेल तर बोटाच्या यंत्राच्या पट्ट्या दवाखान्यातून फुकट द्याव्यात. मावशी आठवड्यातून दोनदाच टोचते ते दुखते म्हणून नाही, पट्ट्यांची डबी महिनाभर पुरवायची म्हणून.

आता राहिला आकडा कुणाचा, हा प्रश्न, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मावशीचा आकडा भिंतीवर आहे. सून आली की मावशी कॅलेंडरचे पान उलटते. भिंगाचा आकडा मोबाइलमार्गे कुणाच्या तरी संगणकात जाईल. आरोग्याची माहिती ही संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे, असे आपल्याकडच्या 2011 च्या नियमांत निदान वेगळे सांगितले होते. संसदेने 2023 मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तशी वेगळी वर्गवारीच ठेवलेली नाही. डोळ्यातली साखर आणि घरचा पत्ता एकाच पंगतीला बसवले आहेत. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, हे खरे. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे.

हे कलम आणि अश्रूंचे उपकरण शेजारी ठेवून पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी 2019 मध्ये चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या भागात संवेदक बसवून अश्रूंमधले मद्य मोजून दाखवले. लोकलच्या मोटरमनची गाडी हाती घेण्याआधी श्वासाची तपासणी होते. त्यात गैर काही नाही. हजारो जीव त्याच्या हाती असतात, आणि तपासणी एका क्षणाची, समोरासमोरची असते. उद्या एखाद्या वाहतूक कंपनीने सुरक्षेच्या नावाखाली चालकांना असे चष्मे दिले, तर सुट्टीच्या दिवशीही चष्मा नाकावर राहील, आणि त्या पाण्यातून मद्याखेरीज साखरही वाचता येईल. साखर वाढलेल्या चालकाला रात्रपाळी नाकारली, तर नाकारण्याचे कारण त्याला कळेलच असे नाही. आरोग्य विम्यातही निरोगी सवयींसाठी हप्त्यात सवलत देण्याची पद्धत रुळली आहे. आज ती चाललेल्या पावलांवर मिळते. सवलत आणि दंड ही एकाच नाण्याची दोन नावे असतात, हे हप्ता भरणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमताने सांगितले. तो अधिकार पापणीच्या आत लागू होत नसेल तर मग कुठे होणार?

म्हणून डोळ्यावर घालायच्या उपकरणांसाठी वेगळे नियम हवेत, आणि ती बाजारात येण्याआधी हवेत, कारण घड्याळांच्या बाबतीत आपण आधी बाजार भरू दिला आणि मग इशारे वाचत बसलो. कच्चा आकडा माणसाच्या स्वतःच्या फोनपलीकडे जाता कामा नये. डॉक्टरांकडे पाठवायचा असेल तर दर वेळी त्याने स्वतः पाठवावा. मालकाला आणि विमा कंपनीला तो मागण्याची बंदी असावी, आणि ‘ग्राहकाने आनंदाने दिला’ ही सबब चालू नये, कारण नोकरी मागणारा माणूस आनंदाने काय काय देतो हे आपण जाणतो. सातव्या कलमातून शरीरातून घेतलेली माहिती स्पष्ट शब्दांत वगळावी. उपकरणाला बंद करण्याची कळ असावी आणि ती वापरणाऱ्याच्या हातात असावी. आणि कळ दाबून बंद ठेवलेल्या वेळेची नोंद ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ अशी न होता नुसती कोरी राहावी, त्या कोऱ्या जागेचे कारण विचारण्याचा हक्क डॉक्टरांना असावा, इतर कुणालाही नाही. डॉक्टर विचारतीलही. मावशीचे डॉक्टर दर आश्विनात विचारतात, आणि ती त्यांच्यासाठी डब्यात दोन मोदक घेऊन गेलेली असते.